पिवळ्या जॅकेटातले मिशीकाका

मिशीकाका बसमधून उतरायच्या आधी त्यांची मिशी उतरायची. खरंच! कतारमधल्या मेसईदच्या आमच्या कॉलनीत सकाळी बस थांबली, दार उघडलं, की आधी काळ्याभोर मिशीची दोन वर वळलेली टोकं दिसायची आणि मग त्यांच्या मागून काका. कॉलनीतल्या केरळच्या आंट्यासुद्धा त्यांना 'मिशीकाका'च म्हणायच्या, अर्थ माहीत नसताना. त्यांचं खरं नाव मी इथे लिहिणार नाहीये. जे सांगायचंय त्यात तोंड लपवायची वेळ माझ्यावर आहे, त्यांच्यावर नाही.

काका साताऱ्याकडचे. आमच्या कॉलनीतल्या पोरांना दोह्याला कॉलेजात सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, ही त्यांची ड्युटी. प्रत्येक राउंडअबाउट आला की ते मिशीला पीळ द्यायचे. डावीकडे वळायचं असेल तर डाव्या टोकाला, उजवीकडे तर उजव्या. मी एकदा विचारलं, "काका, हे काय करताय?" तर एकदम सिरीयस तोंडाने म्हणाले, "इंडिकेटर दावतोय, ताईसायेब." मला ते पहिल्या दिवसापासून 'ताईसायेब' म्हणायचे. मी ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसायचे आणि मेसईदपासून दोह्यापर्यंत माझं तोंड बंद नसायचं.

आणि माझी गाणी! तेव्हा मी एका कुरळ्या केसांच्या कोलंबियन गायकासाठी वेडी होते. बसच्या स्पीकरला फोन जोडायची परवानगी फक्त मला होती. स्पॅनिश शब्द मलाही कळायचे नाहीत, काकांना तर नाहीच, पण ते स्टिअरिंगवर बोटांनी असा ठेका धरायचे की मागची लेबनीज पोरगी टाळ्या वाजवायची. "ह्यात ढोलकी हाय की वो!" असं त्यांचं मत होतं. "तिकडं बी आपल्यासारखीच मानसं असनार."

त्यांचे वडील, आबा, गावी एसटीचे ड्रायव्हर होते. घाटातले. काकांच्या बोलण्यात दर थोड्या वेळाने आबा यायचेच. 'आबा म्हनायचं, गाडीशी भांडू नगं.' 'आबा म्हनायचं, हॉर्न ह्यो दुबळ्याचा आवाज.' संध्याकाळी कॉलेजच्या गेटपाशी पोरं जमेपर्यंत काका डॅशबोर्डवर फोन टेकवून आबांना व्हिडिओ कॉल लावायचे. आबा जास्त बोलायचे नाहीत. नुसते बघायचे. मुलगा जेवला की नाही हे चेहऱ्यावरून वाचत असल्यासारखे.

तर एक दिवस काका म्हणाले, मेसईदजवळच्या सीलाइनला, समुद्रकाठच्या वाळूच्या डोंगरांवर, गाड्या फिरवणारा त्यांचा एक दोस्त आहे, त्याने बोलावलंय. कुठल्यातरी परदेशी गायकाच्या गाण्याचं शूटिंग आहे. गायकाला वाळूवर गाडी चालवता येत नाही, म्हणून त्याचं पिवळं जॅकेट आणि कुरळ्या केसांचा टोप घालून दुसऱ्याने चालवायची. मी गायकाचं नाव विचारलं आणि किंचाळले. अख्खी बस दचकली. माझा गायक! आमच्या मेसईदला!

"पन मिशी काढा म्हनत्यात," काका हळूच म्हणाले. "त्यो गायक बिनमिशीचा हाय."

"मग काढा ना! मिशी काय काका, महिन्याभरात परत येते!"

हे वाक्य माझं. अजूनही आंघोळ करताना वगैरे मध्येच आठवतं आणि मी मोठ्याने काहीतरी गुणगुणायला लागते, म्हणजे ऐकू येऊ नये.

शूटिंगनंतर काका आले तेव्हा तोंडाला मास्क होता. "धूळ लय हाय," म्हणाले. राउंडअबाउटला हात सवयीने वर जायचा आणि मास्कला लागून परत खाली यायचा. आबांच्या कॉललाही मास्क. मला वाटलं, आबांना सरप्राइज द्यायचंय! गाणं रिलीज झालं की दाखवणार असतील. मग एका संध्याकाळी कॉल चालू असताना काकांनी पाणी प्यायला मास्क खाली केला, फोन नीट दुसरीकडे वळवून. आणि मी, अतिशहाणी, पुढे झुकून फोन उचलला. "आबा, ओळखा पाहू हे कोण?" म्हणत कॅमेरा सरळ काकांच्या तोंडासमोर धरला.

काकांच्या तोंडात पाणी तसंच राहिलं. तिकडे आबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "कोन गेलं रं?"

काकांनी पाणी गिळलं आणि मास्क वर ओढला.

"मी तर हितं बसलोय," आबा म्हणाले आणि फोन कट झाला.

मला काहीच कळलं नाही. घरी येऊन आईला हसत हसत सांगायला लागले, तर तिने पोळी तव्यावरच सोडली. "अगं कार्टे, बाप गेल्यावर मिशी काढतात त्यांच्यात! जिवंत बापासमोर तू पोराला बिनमिशीचा उभा केलास!"

"मला कोणी सांगितलंच नाही कधी."

"विचारलंस कधी? गाणी लावायला बरा वेळ असतो."

पोळी करपली. मी जेवले नाही. इंग्लिश मीडियम, कतारमध्ये वाढले, असली सगळी कारणं मनात मांडून बघितली, एकही पुरलं नाही.

सकाळी मी सॉरी म्हणाले, तेही धड जमलं नाही. काका म्हणाले, "तुमाला काय म्हाईत, ताईसायेब. मला म्हाईत व्हतं की."

"मग का काढलीत?"

"आबा म्हनायचं, रस्त्यावर कुनीबी चालवतं. वाटलं, एकदा वाळूवर घालावी गाडी. त्यांना दावावी." गियर बदलून म्हणाले, "फोन उचलना झाल्यात आता."

आणि मग गाणं आलं. संध्याकाळच्या बसमध्ये सगळे माझ्या फोनवर तुटून पडले. पांढरी गाडी, पिवळं जॅकेट, वाऱ्यावर उडणारे कुरळे केस. कोरस सुरू होतो आणि गाडी वाळूच्या अख्ख्या डोंगरावरून तिरकी घसरत येते आणि समुद्राच्या पाण्याला टेकून थांबते, एकदम अलगद. मग दार उघडतं आणि आतून गायक हसत उतरतो. बसमध्ये शिट्ट्या! "ही ड्राइव्ज सो वेल!" कोणीतरी म्हणालं. मी ओरडायला उभीच राहिले, तर आरशातून काकांनी मान हलवली. नगं.

रात्री मी भलीमोठी पोस्ट टाइप केली होती. सगळ्या ग्रुपवर टाकणार होते, फोटोसकट. मग पुसली. माझ्या आयुष्यात पुसलेली बहुतेक ती पहिली पोस्ट.

दुसऱ्या दिवशी काकांकडून आबांचा नंबर घेतला. आईला शेजारी बसवलं आणि कॉल लावला. अनोळखी नंबर म्हणून आबांनी उचलला.

"कोन?"

"मी... बसमधली. फोन फिरवणारी."

मी भरभर सगळं सांगितलं, मिशी काय परत येते, हे मीच म्हटलं होतं, तेसुद्धा. मग लॅपटॉपवर गाणं लावून फोन त्याच्यासमोर धरला.

"ह्यो पिवळा कोन?"

"तुमचा मुलगा."

"आन् त्यो दात काढनारा?"

"तो गायक."

"म्हंजी गाडी आमच्या पोरानं चालवली आन् दात त्यानं काढलं." आईला हसू आवरेना. मला हसायची हिंमत नव्हती. "परत लाव. गानं बंद कर, नुसती गाडी दाव."

आवाज बंद करून मी पुन्हा दाखवलं. आबा फोनच्या इतके जवळ आले की मला फक्त एक डोळा आणि पांढऱ्या मिशीचं टोक दिसत होतं.

"उतारावर बिरेकला हात न्हाई... पाय न्हाई लावला," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "पोरी, त्याला म्हनावं मिशी वाढव. तवर मी थांबतो."

मी हे काकांना बसमध्ये सांगितलं तेव्हा राउंडअबाउट आला होता. हात वर गेला. ओठावर नुसतेच खुंट होते, तरी त्यांनी पीळ दिला.

मिशी महिन्याभरात नाही आली. तशी व्हायला कितीतरी महिने लागले, आणि मी रोज मागच्या सीटवरून ती वाढताना बघितली. बसमध्ये गाणी लावणं मी बंद केलं होतं. काकाच कधीतरी म्हणायचे, "लावा की तुमची ढोलकी." मग काँट्रॅक्ट संपलं. टोकं पूर्ण वर वळल्यावरच ते गावी गेले. शेवटच्या दिवशी कॉलनीच्या गेटबाहेर पडताना त्यांनी हॉर्न नाही वाजवला, मिशीचं डावं टोक पिळलं, आणि बस डावीकडे वळली.

ते गाणं अजून इथल्या प्रत्येक मॉलमध्ये वाजतं. मैत्रिणी नाचतात, मी बुटाची लेस बांधायला खाली वाकते.

परवा फोनमध्ये बघितलं तर काकांचा प्रोफाइल फोटो बदललेला. ओठ सफाचट. मी किती काय काय टाइप केलं आणि पुसलं. शेवटी नुसतं 'काका' एवढंच पाठवलं. त्यांचा व्हॉइस मेसेज आला, हळू आवाजात, मागे घरातल्या बायकांचं बोलणं.

"ताईसायेब, आबा थांबलं. पुरी वाढस्तवर थांबलं."