बिनआवाजाचा मोर

फटाक्यांच्या धुराचा वास आला की तेलीबांधा तलावाकाठची ती संध्याकाळ आठवते. आतषबाजीऐवजी ड्रोनचे दिवे दाखवणार होते. बाबांची नजर काचबिंदूने जवळजवळ गेलेली, पण फटाका ते आवाजावरून ओळखायचे, म्हणून त्यांनाही हौसेने नेलं; ड्रोनच्या दिव्यांना आवाज नसतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आभाळात दिव्यांचा मोर पिसारा उघडत होता आणि लोक मोबाइल उंचावून गप्प उभे होते. बाबा सारखे विचारत, “सुरू झालं का वं?” ऑफिसच्या मैत्रिणींसमोर मी खेकसले, “कधीचं सुरू आहे. दिसून नाही राहिलं का तुम्हाले?” ते ओशाळून हसले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्यावर तेही वाजवू लागले, तोंड रस्त्याकडे करून. अजूनही दिवाळीला कोणी आलं की ते कौतुकाने सांगतात, “पोट्टीनं मले ड्रोनचा मोर दाखवला.” मी चहाच्या निमित्ताने आत जाते.