एका लग्नाची तीन नावं

हरवलेली फाइल शोधायला बसलं, की ती सोडून बाकी सगळं सापडतं. कुणाच्या साखरपुड्यातली रुसलेली आत्या सापडते, कुणाच्या वरातीत नाचून नाचून पडलेला मेव्हणा सापडतो. आमच्या दुकानातले किस्से असेच जमले. मी काही ते जमवायला बसले नव्हते. मी एका बाईसाठी तिचे वडील शोधत होते!

दिल्लीला तीन वर्षं व्हिडिओ एडिटिंग शिकून मी अंबडला परत आले, ती पक्का निश्चय करून. आपल्या भागातली माणसं आपणच पडद्यावर आणायची आणि नीट आणायची! हाती आलं ते रंगनाथकाकांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान. काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. कॅमेरा काका चालवायचे, कॉम्प्युटर सलीमभाई सांभाळायचे आणि कापाकापी माझ्याकडे. दोघंही मला 'दिल्लीवाली' म्हणायचे. कौतुकानं नव्हे.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. एडिटिंगचं सॉफ्टवेअर शूटिंग स्वतःजवळ ठेवत नाही. कुठल्या डिस्कवर, कुठल्या फोल्डरमध्ये, कुठली फाइल, एवढा पत्ता फक्त लिहून ठेवतं. मधे कुणी फाइल हलवली किंवा नाव बदललं, की चित्राच्या जागी लाल पाटी येते आणि एक चौकट विचारते, 'फाइल कुठे आहे?' मग आपण जायचं, शोधायचं आणि दाखवायचं, ही बघ बाबा. इतर ठिकाणी हे महिन्यातून एखाद्या वेळी होत असेल. आमच्याकडे रोज, सकाळच्या चहाच्या आधी!

*

ती बाई पहिल्यांदा आली तो बाजाराचा दिवस होता. घनसावंगीकडून जीपनं आली होती. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात दीड-दोन वर्षांची मुलगी.

"तीन वर्षांमागं माझं लग्न झालं. शूटिंग तुमचंच होतं," ती म्हणाली. "सीडी आहे माझ्याकडं. पर तिच्यात आण्णा न्हाईत."

"लग्नाला नव्हते का?"

"नसतील कसे? वाढत होते की! मामा हाय त्यात, मावशी हाय, बँडवाला तर चारदा हाय. आण्णा न्हाईत. आता ते गेले. मतदार कार्डावर एक फोटो हाय, त्यात ते दुसऱ्याच कुणावानी दिसतात."

मी लग्नाची तारीख विचारली, गाव विचारलं. ते लग्न मीच कापलं होतं. परत आल्यावरचं अगदी पहिलं काम. जेवणाच्या पंगतीत एक माणूस वरणाची बादली घेऊन सारखा कॅमेऱ्यासमोरून आडवा जात होता. चौकट बिघडते म्हणून मी दोन दिवस खपून त्याला एकूण एक ठिकाणाहून काढून टाकला होता. आणि मला त्याचा अभिमान वाटला होता!

"मी शोधून देते," मी म्हणाले. "टेपा पुसून त्यांच्यावर पुढची लग्नं शूट झाली असतील, पण कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलेलं शूटिंग डिस्कवर असणार."

प्रोजेक्टचं नाव होतं 'छाया'. लग्नपत्रिकेतलं तिचं नाव. मी ते उघडलं. पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत सगळं लाल. छाया नावाचं फोल्डर एकाही डिस्कवर नव्हतं.

"पुढच्या बाजाराला या," मी म्हणाले.

*

डिस्का आमच्याकडे एका स्टीलच्या डब्यात असत. घरात ज्यात लाडू ठेवतात, तसा डबा. कुठली कुठे लावायची हे कळावं म्हणून मी प्रत्येकीवर आकड्याची चिठ्ठी चिकटवली होती, कारण जागा बदलली की कॉम्प्युटर डिस्कला दिलेलं डी, ई, एफ असं अक्षर बदलतो आणि त्या डिस्कवरची झाडून सगळी लग्नं बेपत्ता होतात.

दसऱ्याला अवजारांची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर सगळं लाल! डबा उघडला. एकाही डिस्कवर चिठ्ठी नाही. प्रत्येकीवर कुंकवाचं स्वस्तिक. एकसारखं, नेटकं.

"काका, चिठ्ठ्या कुठं गेल्या?"

"कागदावर कुठं स्वस्तिक काढतेत का? काढल्या."

सलीमभाईंनी डिस्का पूजेनंतर अंदाजानं लावल्या होत्या. मी त्यांच्याकडे वळले, तर ते शांतपणे म्हणाले, "अरे दिल्लीवाली, डिस्क वही है, माल वही है. पलंग इधर का उधर सरकाया तो क्या आदमी बदल जाता?"

आदमी बदलत नाही, पण सॉफ्टवेअर पलंगच शोधतं, हे मी त्यांना कसं समजावणार!

*

छाया का सापडत नाही, ते मला एका दुपारी आपोआप कळलं. काका माझ्या खुर्चीत बसून एका बोटानं काहीतरी टाइप करत होते. मी मागून बघितलं. आदल्या दिवशीच मी अर्धं कापून ठेवलेलं लग्न. फोल्डरचं नाव होतं 'रेखा'. काकांनी ते पुसून 'पूजा' केलं.

"काका! हे काय करून राह्यले?" माझ्या तोंडून दिल्ली गळून पडली.

"नाव बदललं पोरीचं. चार दिसांमागं लग्न लागलं ना. ताटात तांदूळ पसरून नवरदेवानं अंगठीनं 'पूजा' लिवलं. मी सोता शूट केलं. आता जुन्या नावानं कसं ठिवायचं?"

"पण सॉफ्टवेअर तर रेखाच शोधणार!"

"आन् उद्या सासरची माणसं सीडी मागायला येतेत, ती काय रेखाची मागतेत का? त्यांना रेखा म्हाईतच न्हाई."

"तुम्ही हे प्रत्येक लग्नात करता?"

"पंधरा वर्ष झाले. आधी क्यासेटीवर करायचो, आता हितं. येरवी तुझं कापून झाल्यावर करतो, आज घाई केली."

"आणि सॉफ्टवेअरला कोण सांगणार?"

"तू हायेस ना! त्याच्यासाठीच तर तुला ठिवलं."

मी तावातावानं बरंच बोलले. बाईच्या नावावर बोलले, तिच्या ओळखीवर बोलले, कॉलेजात ऐकलेलं एक अख्खं भाषण म्हणून दाखवलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बराबर हाय. तुझ्या लग्नात तुझं बी फोल्डर बदलीन."

"मी नाव बदलणारच नाही."

"मंग तुझं तरी सापडंल!"

*

म्हणजे मला आता छाया नव्हे, तिचं सासरचं नाव शोधायला हवं होतं. पुढच्या बाजाराला ती आली तेव्हा विचारलं. अर्चना. मी सगळ्या डिस्का लावून बघितल्या. अर्चना नावाची दोन फोल्डरं निघाली. एक जाफराबादची, एक परतूरची. आमची नाहीच.

"पुढच्या बाजाराला या," मी म्हणाले.

तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "लई लांबून येते हो ताई मी," एवढंच म्हणाली.

*

मधल्या काळात मी स्वतःच एक पराक्रम केला.

टेप उतरवून घेताना सलीमभाई फाइलींना नावं देत ती एक, दोन, तीन. प्रत्येक लग्नात एक, दोन, तीन. "लग्न में और क्या रहता? पहले आए, फिर खाए, फिर रोए," असं त्यांचं म्हणणं. अंबडच्या एका लग्नातली 'दोन' बेपत्ता झाली होती. चौकटीनं विचारलं, फाइल कुठे आहे? गिऱ्हाईक दारात उभं होतं. मी घाईत 'दोन'वर बोट ठेवलं. ती धावडा गावच्या लग्नातली 'दोन' होती. सॉफ्टवेअरनं नाव जुळलं म्हणून आनंदानं घेतली. लाल पाट्या गेल्या. मी सीडी काढून दिली.

तिसऱ्या दिवशी मुलीचे सासरे आले. त्यांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली.

"सूनबाई आमचीच हाय," ते म्हणाले. "पर हार घालून घेणारा कोण हाय, तेवढं सांगा."

आम्ही सीडी लावली. अंबडची नवरी हार घेऊन हात उंच करते आणि पुढच्याच चित्रात धावड्याचा नवरदेव लाजून मान पुढे करतो! मी घाईघाईनं सीडी थांबवली.

सलीमभाईंनी निरखून बघितलं. "जोडी लेकिन अच्छी लग री," ते म्हणाले.

*

काकांची आणखी एक सवय इथे सांगायला हवी. शूटिंग करताना कुणी जेवायला बोलावलं, की काका कॅमेरा हाताशी असेल त्या जागी ठेवून सरळ पंगतीत बसत. बटण बंद करायचं राहून जाई. मग जमिनीवरच्या कॅमेऱ्यात दहा-दहा मिनिटं नुसत्या येणाऱ्या-जाणाऱ्या चपला!

एकदा मी त्यांना बसवून हिशोबच दाखवला. "काका, एका तासाच्या टेपमध्ये अकरा मिनिटं चपला आहेत. ह्यानं डिस्क भरते. बटण दाबायला एक सेकंद लागतो!"

"पोटात भूक आसली का बटण दिसत न्हाई," काका म्हणाले.

"दिल्लीत असं केलं तर कामावरून काढतात."

"दिल्लीत जेवायला बोलावतेत का?"



*

तिसऱ्या बाजारालाही मी तिला रिकाम्या हातानं परत पाठवलं. चौथ्या बाजाराच्या आधी सलीमभाईंनी मला एक बातमी दिली. काका जुनी लग्नं पुसत होते! पण कुठलं पुसायचं त्याचा त्यांचा एक नियम होता. जोडप्याला मूल झालं आणि बारशाचं शूटिंग आपल्याकडे आलं, की त्या घरचं लग्न पुसायचं. त्याआधी पुसणं अशुभ.

आणि आमच्या छायाच्या कडेवर तर धडधडीत मुलगी होती!

मी धावत काउंटरवर गेले. "काका, ती घनसावंगीची बाई, तिचं लग्न तुम्ही पुसलं का?"

"तिच्या पोरीचं बारसं आपल्याकडं आल्तं का?"

"मला काय माहीत?"

काकांनी डोळे मिटून आठवलं. मग त्यांचा चेहरा कडवट झाला. "न्हाई आल्तं. दुसऱ्या फोटोवाल्याला दिलं त्यांनी. आमाला बोलावलं सुदिक न्हाई!"

"म्हणजे?"

"म्हंजी आहे. कुठंतरी आहे. मी कशाला पुसतो?"

आयुष्यात पहिल्यांदा मी काकांच्या रागाचे आभार मानले.

*

चौथ्या बाजाराला ती आली आणि दारातूनच म्हणाली, "आता शेतीचे दिस सुरू होतेत. मला येणं व्हायचं न्हाई. नसंल तर नसंल म्हणा."

मी तिला बसवलं. मी थकले होते, चिडले होते आणि शेवटचा उपाय म्हणून विचारलं, "ताई, ताटात नवऱ्यानं अर्चनाच लिहिलं होतं ना? नक्की?"

ती हसली. "ताटात? ताटात तर सुनीता लिवलं होतं. पर चुलतसासूचं नाव सुनीता निघालं. तिनं लई कालवा केला. मंग घरी गेल्यावर तिसऱ्या दिशी अर्चना ठिवलं. दोन दिवस होते मी सुनीता."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलंच न्हाई. मीच विसरून गेल्ते."

काका काउंटरवरून ओरडले, "मंग सुनीतात बघ की! मी ताट वाचूनच लिवतो!"

सुनीता नावाची चार फोल्डरं निघाली. तिसरं उघडलं आणि मला तो मांडव ओळखू आला. छायाचं प्रोजेक्ट उघडलं. चौकटीनं विचारलं, फाइल कुठे आहे? मी दाखवली. एकेक करत लाल पाट्या गेल्या आणि लग्न परत आलं.

पंगत 'दोन'मध्ये होती. मी न कापलेलं मूळ शूटिंग लावलं. बादलीवाला माणूस आला. पाठमोरा. गेला. पुन्हा आला, खांदा दिसला, बादलीनं तोंड झाकलं. पुन्हा गेला. ती बाई पुढे सरकून बघत होती. मग तो सरळ कॅमेऱ्याकडे यायला लागला. छातीपर्यंत दिसला आणि आवाज आला, "फोटोवाले, तुमी जेवले का?"

कॅमेऱ्यामागून काकांचा आवाज, "न्हाई अजून."

"मंग बसा की! ठिवा ते खाली."

आणि चेहरा दिसणार, तेवढ्यात कॅमेरा खाली गेला. पडद्यावर सतरंजीची कड आणि माती.

मला रडू यायचं बाकी होतं. इतके बाजार तिला खेटे घालायला लावले, त्याचं हे फळ! "ताई, पुढं काही नाही," मी म्हणाले. "काका बटण बंद करायचं विसरले. पुढं नुसत्या चपला आहेत." आणि थांबवायला माऊसकडे हात नेला.

तिनं माझं मनगट धरलं.

पडद्यावर चपला येत होत्या, जात होत्या. नव्या कोऱ्या, करकरीत, लग्नातल्या. त्यांच्यामधून दोन जुन्या चपला आल्या. डाव्या अंगठ्याला तारेचा वेढा दिलेला. शेजारी बादलीचा तळ टेकला.

"वरण घ्या, वरण. अहो, घ्या की. पावनं, लाजू नका."

चपला पुढे गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या. पुन्हा गेल्या.

"नवीन घ्या म्हणलं होतं मी," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "लग्नाला तरी घ्या म्हणलं."

काका उठून आमच्यामागे येऊन उभे राहिले. सलीमभाईंनी पंखा बंद केला, आवाज ऐकू यावा म्हणून. अकरा मिनिटं आम्ही चपला बघत होतो. मधेच मुलगी एकदा बोट दाखवून "बादी" म्हणाली.

शूटिंग संपलं. मी ते मागे नेलं, पार पंगतीच्या सुरुवातीला, आण्णा पाठमोरे दिसतात तिथे.

"तिथून न्हाई," ती म्हणाली. "चपलांपासून लावा."