डोळ्यांखालची सूज आणि नडगीवरचे खड्डे

तुमच्या या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते. वाचते आणि हसते. कुणाला घाटात लिफ्ट मागणारी बाई दिसते, कुणाच्या खोलीत अत्तराचा वास येतो... अरे, उंदीर मेला असेल, नाहीतर शेजारणीनं उदबत्ती लावली असेल! माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही, असंच मी चारचौघांत सांगते. हे लिहितेय ते तुम्ही डोकं लावाल म्हणून. तशी फार आशा नाही म्हणा.

मी बेंगळुरूची. आमचं घराणं इथं इतक्या पिढ्यांपासून आहे की मूळ गाव कुठलं यावर अजून भांडणं होतात. मल्लेश्वरममध्ये मार्केटच्या मागच्या क्रॉसला, म्हणजे आडव्या गल्लीत, माझं ब्यूटी पार्लर आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, वर मी. एकच खोली, एक दार, एक खिडकी. मागे मोरी, तिला दुसरा दरवाजा नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे हुशार लोक विचारतील.

माझा निम्मा दिवस डोळ्यांखालच्या पिशव्यांत जातो. काय एकेक नमुने येतात! कुणी रील बघून लिंबू चोळून आलेली, डोळे लालबुंद. कुणी टूथपेस्ट लावून आलेली. एका शिकल्यासवरल्या मॅनेजरबाईंनी मूळव्याधीचं मलम लावलं होतं — डोळ्याखाली! मी म्हटलं, "अहो, ट्यूबवर लिहिलंय ते कुठं लावायचं ते वाचलंत तरी का?" बर्फाचा खडा तसाच घासणाऱ्या तर ढिगानं. डोळ्याखालची कातडी ती केवढी नाजूक, आणि या भांडी घासल्यासारख्या घासतात.

माझा उपाय साधा. स्वच्छ सुती पट्टी, फ्रिजमधल्या पाण्यात भिजवून पिळलेली, मिटल्या डोळ्यांवर थोडा वेळ. चोळायचं नाही. घरी उशाला एक उशी जास्त, लोणचं-पापड कमी, झोप पुरेशी. वयानं किंवा घराण्यातून आलेल्या पिशव्या असतील तर त्या माझ्या बापाच्यानं जाणार नाहीत, हे मी तोंडावर सांगते. आणि दुखत असेल, एकाच डोळ्याला असेल, दिवसभर उतरतच नसेल, तर डॉक्टर. मी डॉक्टर नाही. पण एवढं साधं सांगितलं की लोकांना पटत नाही, त्यांना महागडी बाटली हवी.

आता मेघू. माझ्या भावाची एकुलती एक मुलगी. व्हाइटफील्डला कंपनीत आहे, तिथंच मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहते. भाऊ यशवंतपूरला. मेघूची आई — माझी वहिनी — मेघू शाळेत असतानाच गेली. शुगर होती, तिनं किडन्या खाल्ल्या. शेवटी शेवटी वहिनी रोज सकाळी खाटेवर बसून स्वतःची नडगी अंगठ्यानं दाबायची. आधी घोट्याच्या वर, मग थोडं वर, मग आणखी वर. सूज कुठपर्यंत चढलीय ते बघायला. कुणा नर्सनं शिकवलं होतं. दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. मला म्हणायची, "वन्सं, आज दोनच हं. तिसरा नाही पडला." जणू परीक्षेत पास झाली! मला ते बघवायचं नाही. मी चहाचं निमित्त करून उठायचे.

तर मेघूचं लग्न ठरलं. साखरपुड्यानंतर तिच्या डोळ्यांखाली सूज यायला लागली. सकाळी उठली की पापण्या टम्म. भाऊ म्हणाला, "लॅपटॉप." होणारा नवरा म्हणाला, "स्ट्रेस." मी म्हटलं, रात्री-बेरात्री त्या डब्यातल्या खारट नूडल्स खाते, दुसरं काय होणार! सगळे तज्ज्ञ. आणि सगळ्यात मोठी तज्ज्ञ तिची ऑफिसातली मैत्रीण. तिनं कुठूनशा ऑनलाइन मागवलेल्या गोळ्या दिल्या होत्या, अंगातलं पाणी उतरवायच्या. वर एका क्लिनिकची अपॉइंटमेंटही घेऊन दिली होती, डोळ्याखाली इंजेक्शन टोचून घ्यायची, लग्नाच्या फोटोंसाठी. फोटोंसाठी! डोळ्यात सुई!

त्या क्लिनिकला जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मेघू मेट्रोनं माझ्याकडं आली. भर दुपार. मी जेवणाच्या वेळेला दाराला आतून कडी लावते, नाहीतर माणसं घास गिळू देत नाहीत. आत आम्ही दोघीच.

आमच्यात जोडव्यांचं माप आत्यानं घ्यायचं असतं. साखरपुड्याच्या दिवशी, सुती दोऱ्यानं. सोनाराला तो दोरा द्यायचा, आणि जोडवी लग्नाच्या मांडवातच पहिल्यांदा घालायची. त्याआधी घालून बघायची नाहीत, अपशकुन म्हणे. जोडवी घडून माझ्याकडं आली होती. मी मेघूला म्हटलं, "हट्, कसला अपशकुन! मांडवात बसली नाही तर तिथं काय साबण आणू? घाल इथंच." तिनं सलवार वर सरकवली, पाय पुढे केला. मी जोडवं चढवायला गेले, तर जाईना. अर्ध्यात अडकलं. दामटलं, तर पोरगी ओरडली.

झालं, माझं डोकं फिरलं. तिथल्या तिथं सोनाराला फोन लावला. तोही आमच्यातलाच, ओळखीतला. म्हटलं, "काय रे अण्णा, डोळे मिटून काम करतोस काय? बाहुलीची जोडवी केलीयस का?"

"अक्का, स्वल्प ऐका तरी," तो म्हणाला. "तुमचा दोरा अजून माझ्याकडं आहे. त्यावर सूतभर इकडं-तिकडं नाही."

"म्हणजे माझ्या भाचीचा पाय वाढला काय महिन्याभरात?"

"ते मला काय ठाऊक, अक्का?"

"तुला काहीच ठाऊक नसतं!" असं म्हणून मी फोन आपटला.

मेघूनं पर्समधून ती गोळ्यांची बाटली काढली. "आत्या, पाणी दे गं. आजपासून सुरू करते. उद्यापर्यंत चेहरा बरा दिसला पाहिजे."

"ठेव ती बाजूला. आधी आडवी पड, पट्ट्या ठेवते. नाही फरक पडला तर खा, जा, इंजेक्शन टोच, काय हवं ते कर."

"खरंच?"

"खरंच. आता गप्प पड."

ती खुर्ची मागं पाडून आडवी झाली. दोन्ही हात पोटावर. मी डोक्यामागं उभी राहिले, डोळ्यांवर गार पट्ट्या ठेवल्या आणि त्यावर माझे दोन्ही तळवे अलगद टेकवले. ही माझी रोजची रीत. पट्टी सरकत नाही आणि बाईला शांत वाटतं.

जरा वेळानं मेघू म्हणाली, "आत्या, हळू ना. दुखतंय."

मला वाटलं, मघाचं बोट दुखतंय. म्हटलं, "होईल कमी."

"अगं, किती जोरात दाबतेस अंगठ्यानं!... आता वर कशाला दाबतेस? नडगी आहे ती."

मी खाली बघितलं.

तिची सलवार अजून वर सरकवलेलीच होती. उजव्या नडगीवर, घोट्याच्या वर एक खड्डा. थोडं वर दुसरा. ओल्या कणकेत बोट रुतावं तसे. आणि तिसरा... तिसरा माझ्या डोळ्यांदेखत पडला. कातडी खाली खाली गेली, थांबली, दबून राहिली, आणि मग जो काही भार होता तो उठला. खड्डा राहिला. पायाशी कुणी नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं आणि खाली झेरॉक्सचं मशीन चालल्याचा आवाज येत होता.

 मी घाबरले. खोटं कशाला बोलू! आणि दुसऱ्याच क्षणी मला वहिनी आठवली, तिचं "तिसरा नाही पडला" आठवलं, आणि भीतीपेक्षा मोठं काहीतरी छातीत उठलं. पट्ट्या तशाच टाकून मी पायाशी गेले. माझ्या अंगठ्यानं दुसरी नडगी दाबली. खड्डा पडला. भरेना. जोडवं का जात नव्हतं ते आत्ता माझ्या मठ्ठ डोक्यात शिरलं.

मेघूनं डोळे उघडले. "झालं का तुझं दाबून?"

"चप्पल घाल," मी म्हटलं. "डॉक्टरकडं जायचंय."

"वेडी आहेस का? उद्या माझी अपॉइंटमेंट —"

"खड्ड्यात गेली अपॉइंटमेंट!" मी ती गोळ्यांची बाटली उचलली आणि मोरीत रिकामी केली. पोरगी रडली, भांडली, बापाला फोन लावला. मी तिला रिक्षात कोंबली. रिक्षात विचारलं, लघवीला फेस येतो का. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तुला कसं कळलं?" मला कसं कळणार! वहिनीला यायचा, म्हणून विचारलं.

डॉक्टरांनी बरंच तपासलं. लघवीतून अंगातली प्रथिनं वाहून चालली होती, म्हणून आधी डोळ्यांखाली आणि मग पायांवर सूज. आईचा आजार वेगळा, याचा त्याच्याशी संबंध नाही, म्हणाले. वेळेत आलात, औषधानं आटोक्यात येईल. मी त्या गोळ्यांचं आणि इंजेक्शनचं सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. अशा अवस्थेत मनानं पाणी उतरवायच्या गोळ्या घेतल्या असत्या तर किडन्याच बसल्या असत्या, म्हणाले. भाऊ कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा होता. "लॅपटॉप" म्हणणारा तो हाच शहाणा. रडत होता.  बोलायला पुष्कळ होतं, पण मी त्याला आधी औषधं आणायला पाठवलं.

आता तुमचे खुलासे ऐकते. मोज्याच्या इलॅस्टिकचे वळ? मोजे नव्हतेच. खुर्चीची कड लागली? नडगी पुढच्या बाजूला असते महाराज, खुर्ची मागं. तिनं स्वतःच दाबलं? तिचे हात पोटावर होते, मी वरून बघत होते. मला भास झाला? बरं, मग तिला दुखलं ते कुणाच्या भासानं? फोटो का नाही काढला, असंही कुणीतरी विचारेलच. तुमच्या घरी असं झालं की तुम्ही काढा. आणि "आईची माया" वगैरे गहिवर घालून मला मेसेज करू नका. वहिनी गेली तेव्हा मी स्वतः तिला न्हाऊ घातलं होतं. गेलेलं माणूस परत येत नाही, हे मी आजही म्हणते. पण मग तो अंगठा कुणाचा, ते तुम्हीच सांगा.

तेव्हापासून डोळे सुजलेली कुणीही बाई आली की मी आधी तिची नडगी दाबून बघते. बायका बिचकतात. "अक्का, फेशियलला आलेय मी, पायाला काय करता?" मी म्हणते, "सरी सरी, बरं बरं, गप्प बसा." एक-दोघींना डॉक्टरकडं पिटाळलंसुद्धा. दोघींनाही काही निघालं नाही, उलट मलाच चार शब्द ऐकवले. ऐकवू देत.

लग्न पुढं ढकललं होतं, ते शेवटी झालं. मेघूचा चेहरा निवळला होता, औषध अजून थोडं चालू होतं. मांडवात जोडवी आणली, तीच, त्याच दोऱ्याच्या मापाची. पहिल्या खेपेला सरळ चढली. सोनार समोरच बसला होता, माझ्याकडं बघून हसला. मी मान वळवली. त्याची माफी मागायची राहिलीय, ती राहूदे.

मग मेघू माझ्या पाया पडली. उठताना मला मिठी मारून म्हणाली, "आत्या, त्या दिवशी तू माझा पाय दाबला नसतास तर आज मी इथं नसते. मी सगळ्यांना सांगते, माझ्या आत्याच्या अंगठ्यानं मला वाचवलं." सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते. भाऊही. पलीकडं टेबलावर वहिनीचा हार घातलेला फोटो ठेवला होता, तिकडं मात्र कुणाचं लक्ष नव्हतं.

पोरीला वाटतं, मी पायाशी बसले होते आणि तिच्या डोळ्यांवर नुसत्या पट्ट्या होत्या. मी तिला अजून सांगितलेलं नाही. माझे दोन्ही हात तिच्या डोळ्यांवर होते.