गप्प बाकावरचा कुलूपवाला

फोनवर तुम्ही दोघं दर वेळी विचारता की आजी रोज सकाळी कुठे जाते. मी "दवाखान्यात" म्हणते, की लगेच तुमचे बाबा मागून घाबऱ्या आवाजात "काय झालं?" विचारतात आणि विषय तिथेच राहतो. म्हणून आज सगळं नीट लिहून काढते आहे. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्या भावांना विचारूनच लिहिते. नावं मात्र घालणार नाही. दवाखान्यातलं माणूस दवाखान्यातच ठेवायचं असतं.

इथे ग्वाल्हेरात, कंपू भागातल्या मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या रस्त्यावर तुमच्या आत्याचा दवाखाना आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती दारू आणि स्मॅक, म्हणजे ओढायची ती हेरॉइन, सोडवते. तिथे रिसेप्शनवर बसणारी मुलगी लग्न होऊन झाशीला गेली. मी तेव्हा शाळेतून निवृत्त झाले होते, घरातली सगळी कपाटं दोनदा आवरून झाली होती, आणि आत्या म्हणाली, "आई, नवीन कोणी मिळेपर्यंत बस." नवीन कोणी अजून मिळालेलं नाही. खरं सांगायचं तर आम्ही दोघींनी शोधलेलंही नाही.

माझ्या टेबलासमोर दोन बाकं आहेत. खिडकीखालचं ते गप्प बाक. स्मॅक सोडणाऱ्या काही लोकांना आत्या जिभेखाली ठेवायची गोळी देते. ती आपोआप विरघळावी लागते. गिळली तर वाया जाते, आणि बोलत बसलं तर जागची हलते. शिवाय ती कोणी खिशात घालून बाहेर नेऊ नये म्हणून ती माझ्या समोरच घ्यायची, तोंड मिटून बसायचं आणि मग मला "आ" करून दाखवायचं असा नियम आहे. ट्रक चालवणारे, कॉलेजातले, एक निवृत्त अधिकारी, सगळे माझ्यापुढे आ करतात. वर्गात मुलींच्या तोंडातलं च्युइंगगम शोधण्यात माझी इतकी वर्षं गेली, ती अशी उपयोगी पडली.

समोरचं बाक औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींचं. त्यांना सगळे एमआर म्हणतात. रुग्ण संपल्यावरच आत सोडायचं हा नियम मी पहिल्या आठवड्यात केला, आणि दुसरा असा की बॅग ज्या क्रमाने बाकावर ठेवली त्याच क्रमाने आत जायचं. मधे चहाला गेलात तरी चालेल, बॅग तुमची जागा धरून ठेवेल.

या बाकावर दोघांचं भांडण कायमचं. एक आपल्यातलाच, मराठी, चाळिशीचा. त्याचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले, आणि हा दर्पण कॉलनीत राहून गोळ्या विकतो. त्याच्या कंपनीची गोळी कुलपासारखी आहे. ती घेतलेली असली की वरून कितीही स्मॅक ओढली तरी ती चढत नाही. म्हणून मी मनात त्याला कुलूपवाला म्हणते. दुसरी एक मुलगी, टोपी बाजारात तिच्या वडिलांचं मोजे-बनियनचं घाऊक दुकान आहे. ती जिभेखालच्या गोळीच्या कंपनीची.

पहिला नंबर लावण्यासाठी ती लवकर यायची, म्हणून तो आणखी लवकर, म्हणून ती त्याहूनही लवकर. शेवटी मी कुलूप उघडायला जाई तेव्हा दोघं पायरीवर बॅगा घेऊन उभे असत आणि दोघंही मला हात द्यायला धावत. आत्याच्या खोलीतल्या भिंतीवर तो आपल्या कंपनीचं कॅलेंडर टांगायचा, ती त्याच खिळ्यावर त्याच्यावर आपलं टांगायची. मी दोन्ही काढली आणि किराणावाल्याने दिलेलं लावलं.

आत्याचं म्हणणं असं की दोन्ही औषधं चांगली आहेत, कोणाला कधी कोणतं ते मात्र तिने ठरवायचं. पण विकणाऱ्याला असं म्हणून चालत नाही. कुलूपवाल्याचं एक हुकमी वाक्य होतं. गप्प बाकाकडे बघत तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "काकू, एक नशा सोडायची आणि दुसरी जिभेखाली धरायची, याला काय इलाज म्हणायचं?" बाकावरच्यांच्या तोंडात गोळी, त्यांना उत्तर देता येत नसे. उत्तर ती मुलगी द्यायची. "भाईसाहब, ताला आपका बढ़िया है, पर मरीज़ दरवाज़े तक पहुँचे तो सही."

मी त्याला एकदा समज दिली की या लोकांचं तोंड बंद आहे, कान उघडे आहेत. त्याने कानाला हात लावून माफी मागितली. पुढच्या आठवड्यात वाक्य परत. डॉक्टरांकडे तेच वाक्य खपायचं, त्याला ते टाकवत नव्हतं.

त्याच्या कुलपाच्या गोळीची एक अट आहे, ती इथे सांगून ठेवते. अंगात स्मॅकचा अंशही उरलेला असताना ती घेतली तर माणसाचे फार हाल होतात. आधी बरेच दिवस अंग पूर्ण रिकामं व्हावं लागतं, आणि ते डॉक्टरने तपासून पाहावं लागतं.

थंडीत, धुकं असलेल्या एका सकाळी कुलूपवाला ऑटोतून उतरला तो बॅगेशिवाय. त्याने आपल्या धाकट्या भावाला काखेत हात घालून धरलं होतं. भाऊ पंचविशीचा असेल. एवढ्या थंडीत शर्ट घामाने भिजलेला, उलट्या थांबत नव्हत्या, पाय लटपटत होते. आत्याने दोनच प्रश्न विचारले आणि त्याला त्या मोठ्या रुग्णालयात हलवलं.

काय झालं होतं ते मला नंतर त्या मोठ्याने सांगितलं. कंपनीकडून नवीन बोलणं पाठ करायला आलं की तो त्याची तालीम घरी करायचा. जेवणाच्या टेबलाशी धाकटा डॉक्टर होऊन बसायचा, वाकडेतिकडे प्रश्न विचारायचा, आणि आईसकट सगळे हसायचे. हा डॉक्टर स्वतःच स्मॅक घेतो हे घरात कोणाला माहीत नव्हतं. त्याला ती सोडायची होती, कोणाला न कळता सोडायची होती, आणि दादाच्या गोळीवर त्याचा पूर्ण विश्वास होता. म्हणून त्याने दादाच्या बॅगेतून नमुन्याची गोळी काढून घेतली.

अट त्याला माहीत नव्हती. कंपनीच्या फोल्डरमध्ये ती शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात असते. घरच्या तालमीत मोठा ते पान कधी म्हणतच नसे. "काकू, वो तो डॉक्टरांना माहीतच असतं ना," तो मला म्हणाला, "म्हणून मी तिथेच थांबायचो." 

काही दिवसांनी भाऊ सावरला. कुलपाच्या गोळीसाठी एवढे दिवस पुरेसे नव्हते, म्हणून आत्याने ठरवलं की याला आत्ता जिभेखालची गोळी द्यायची. तिने मोठ्याला माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं की या दिवसांत त्याच्या शरीराची सवय मोडली आहे. आता त्याने परत पूर्वीएवढी स्मॅक ओढली तर श्वास थांबू शकतो. औषध सुरू न करता त्याला घरी न्यायचं नाही.

ठरल्या सकाळी दोघं रुग्णालयातून थेट आले. धाकटा खिडकीखाली बसला. मी स्टीलच्या वाटीत गोळी पुढे केली. त्याने वाटीकडे पाहिलंही नाही.

"दादा, ही तर दुसरी नशा आहे," तो म्हणाला. "तूच तो कहता है. मला नाही पाहिजे. तुझीवाली दे, या वेळी नियमाने घेईन."

मोठ्याने समजावलं की डॉक्टर म्हणतात तसं कर. धाकटा म्हणाला की डॉक्टर लोक असंच म्हणतात, हेही तूच शिकवलंस. तो उठून दरवाजाकडे निघाला. मी आयुष्यभर मुलींना परत जागेवर बसवलं, पण मोठ्या माणसाला बसवायचा अधिकार मला नव्हता. तरी मी वाटी खाली ठेवली नाही, आणि टेबल सोडून दरवाजात जाऊन उभी राहिले. म्हातारीला ढकलून जाण्याइतका तो वाईट नव्हता.

समोरच्या बाकावर त्या दिवशी ती मुलगी एकटीच होती. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ही बोलणार. इतक्या वर्षांचं उत्तर तिला आयतं मिळालं होतं. पण बॅगेचा पट्टा खांद्याला लावून ती बाहेर जायला उठली.

"मॅडम, रुकिए," कुलूपवाला म्हणाला. "आपका फोल्डर देंगी?"

तिने बॅग उघडून आपल्या गोळीच्या माहितीचं फोल्डर दिलं.

त्याने माझी खुर्ची ओढून खिडकीखालच्या बाकासमोर ठेवली, टाय सारखा केला, आणि दरवाजाशी उभ्या असलेल्या भावाला म्हणाला, "डॉक्टरसाहेब, दोन मिनिटं देता का?"

भावाने मान फिरवली. पण घरी तो इतक्या वेळा डॉक्टर झाला होता की थोड्या वेळाने आपोआप येऊन बाकावर बसला.

मग त्या माणसाने दुसऱ्या कंपनीची गोळी विकायला घेतली. त्याला तिची सगळी माहिती पाठ होती, कारण इतकी वर्षं तो तिच्याशीच लढत होता. पण फोल्डर परक्याचं, पानांचा क्रम वेगळा. तो अडखळला. मागून ती मुलगी हळूच म्हणाली, "पन्ना पलटिए, भाईसाहब. पहले वो वाला." त्याने पान उलटलं. ही गोळी ठरल्या मापात घेतली तर झिंग आणत नाही, तलफ शांत करते. हात कापत नाहीत, माणूस कामावर जाऊ शकतो. अंगाला स्थिरता आली की डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.

धाकट्याने तालमीतल्यासारखाच प्रश्न टाकला. "पण रोज घ्यावी लागेल. मग सुटलं काय?"

"लागेल रोज. किती दिवस ते डॉक्टर ठरवतील. आई बीपीची गोळी रोज घेते. तिला आपण नशेबाज म्हणतो का?"

"मग इतके दिवस तू म्हणत होतास ते?"

"ते मी विकण्यासाठी म्हणत होतो," तो म्हणाला.

 बाकाच्या दुसऱ्या टोकाला गोळी जिभेखाली धरून बसलेला ट्रकवाला एकटक त्याच्याकडे बघत होता.

मग कुलूपवाल्याने फोल्डरचं शेवटचं पान काढलं. चष्मा वर सरकवून, अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन त्याने ते सगळं वाचलं. ही गोळी कोणी घेऊ नये, कशाबरोबर घेऊ नये, किती आधी स्मॅक थांबलेली असावी, झोपेच्या गोळ्या आणि दारू का चालणार नाही. इंग्रजीत वाचायचा आणि प्रत्येक ओळ मराठीत सांगायचा. एक शब्द त्याला अडला तो मी सांगितला. वाचून झाल्यावर त्याने फोल्डर मिटून मांडीवर ठेवलं.

धाकट्याने हात पुढे केला. मी वाटी दिली.

गोळी तोंडात गेल्यावर मोठा त्याच्या शेजारी येऊन बसला आणि त्यानेही तोंड मिटलं. त्या माणसाला मी इतका वेळ गप्प बसलेलं त्याआधी पाहिलेलं नव्हतं. गोळी विरघळल्यावर मी भावाला आ करायला सांगितलं. जीभ वर केली, खाली काही नव्हतं. मी "उद्या याच वेळी" म्हणाले आणि माझी खुर्ची परत मागितली.

मुलीने फोल्डर बॅगेत टाकलं. "भाईसाहब, आज तो दे दिया. आदत मत डालिए," ती म्हणाली, आणि त्याला हसू आलं.

ही गोष्ट त्याच्या मॅनेजरपर्यंत पोचली. तिने सांगितली नव्हती, एवढं मी खात्रीने सांगते. ट्रकवाल्याने चहाच्या टपरीवर सांगितली असावी, त्याचं तोंड त्या वेळी मोकळं झालं होतं. मॅनेजर ग्वाल्हेरला आला, याला फैलावर घेतलं. याने त्याला सांगितलं म्हणे की साहेब, आपली गोळी मी विकतोच आहे, आणि विकत राहीन, फक्त शेवटचं पान आता पहिलं वाचतो. आत्या सांगते की तो खरोखर तसंच करतो. आत जाऊन बसला की आधी अट, मग गुण. ते हुकमी वाक्य मी परत ऐकलं नाही.

भावाचं सगळं सरळ झालं असं समजू नका. होळीत तो पुन्हा घसरला. दुसऱ्या दिवशी रंग लागलेल्या केसांनी स्वतःहून आला, आत्यापुढे खाली बघत सगळं सांगितलं, आणि तिने उपचार पुन्हा बसवला. तेव्हापासून त्याने सकाळ चुकवलेली नाही. एका कुरियरच्या ऑफिसात त्याला काम लागलं आहे. तिकडे जाताना सायकलवरून येतो, एकटा. गोळीचं माप आत्याने आता कमी केलं आहे. कधीतरी पुढे अंग पूर्ण रिकामं झालं तर दादाची कुलपाची गोळीही द्यायचा विचार ती करेल. त्या मुलीने आधीच सांगून ठेवलं आहे की त्या दिवशी कुलूपवाल्याचं फोल्डर घेऊन समजवायला ती बसणार.

आज सकाळी मी पोचले तेव्हा पायरीवर ती आणि कुलूपवाला भांडत होते की आधी बॅग कोणी ठेवली. आत येऊनही भांडण चालूच राहिलं. मी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे मला निकाल देता येईना. खिडकीखाली धाकटा तोंड मिटून बसला होता. तो दोघांच्याही आधी पायरीवर आला होता.

"तू सांग रे," दादा त्याला म्हणाला.

त्याने तोंड उघडलं नाही. बोट उचलून त्या मुलीच्या बॅगेकडे केलं. दादाने त्याच्याकडे रागाने पाहिलं, आणि आपली बॅग मुकाट्याने मागे सरकवली.