दोन लिहा

"आजी, शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे अजिबात सहन होत नाही. तुमचं किती?" नर्सने विचारलं. आई म्हणाली, "दोन लिहा."

मी कपाळावर हात मारला. हाडं ठिसूळ होऊन आईचा एक मणका दबला आहे. त्यात आधार बसवायच्या नव्या उपचाराची इथे चाचणी चालू आहे, पण दुखणं जास्त असेल त्यालाच घेतात. सकाळी हीच बाई ओठ दाबून, भिंत धरून पलंगावरून उठली होती.

"आई, खरं सांग ना!"

"खरंच सांगतेय. सोसवतंय की."

नर्सने यादीतलं नाव खोडलं. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. दबलेला मणका उचलायची युक्ती माणसांनी शोधली, पण 'सोसवतंय'चा आकडा किती, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. जन्मभर विचारेल त्याला 'बरंय' म्हणणाऱ्या बाईला आकडा विचारतातच कशाला?

परतताना रिक्षा गतिरोधकावर आपटली. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. मग हात सोडून त्या खुणांकडे बघत म्हणाली, "फार दुखलं का गं तुला?"