फ्लेक्सवरचं धड

केजला मी माझी खोली थाटली तेव्हा पहिले काही महिने जे कुणी यायचं ते चुकूनच यायचं. कुणाला तेलाची मालिश हवी असायची, कुणाला गुडघ्याला लावायचं औषध. एक बाई तर बेंबी सरकली म्हणून पोट धरून जिना चढून आल्या आणि परत जाताना "एवढा जिना कशापायी चढवला मला" म्हणून माझ्यावरच चिडल्या. खाली बी-बियाण्यांचं दुकान, वर माझी खोली, खोलीत एक लांब टेबल. बोर्डावर मी 'शरीराची ठेवण सुधारण्यासाठी हस्तोपचार' असं रंगवून घेतलं होतं. दुकानदार वाचून म्हणाले, "ताई, ह्याच्यातनं कुणाला बी काई कळणार न्हाई." आणि खरंच कुणाला काही कळलं नाही. पुण्यात दोन वर्षं राहून मी हे काम शिकले होते, पण लग्न होऊन इकडे आल्यावर ते चार शब्दांत सांगायला कधी जमलं नव्हतं.

वहिनीसाहेब मात्र चुकून आल्या नव्हत्या. तालुक्यात सगळेच त्यांना वहिनीसाहेब म्हणतात, म्हणून मीही म्हणते. यजमान मोठे बागायतदार आणि पुढारी. त्यांच्या गटाची जिल्हा परिषदेची जागा या खेपेला बाईसाठी राखीव होणार असं बोललं जात होतं, त्यामुळे साहेबांऐवजी वहिनीसाहेबांनी उभं राहायचं असं घरात ठरलं होतं.

त्या आल्या, खुर्चीत बसल्या आणि फोन माझ्यापुढे धरला.

"हे बग."

लिंबागणेशच्या यात्रेला लावलेल्या फ्लेक्सचा फोटो होता. सर्व गणेशभक्तांचे हार्दिक स्वागत. डावीकडे साहेब हात जोडून, उजवीकडे वहिनीसाहेब.

"चांगला आहे की," मी म्हणाले.

"चेहरा माझा हाय. खालचं धड कुणाचं हाय, ती बाई जाणे."

मी फोटो मोठा करून पाहिला. मानेपाशी रंग बदलत होता. खाली ताठ उभी असलेली, चांगली सडपातळ कुणीतरी होती. हातात वहिनीसाहेबांच्या सोन्याच्या पाटल्या नव्हत्या, काचेच्या बांगड्या होत्या.

"स्टुडिओवाले चाचा म्हणले, वहिनीसाहेब, तुमी लई वाकून उभ्या ऱ्हाता, फोटोत सरपंचाच्या म्हाताऱ्या आईवानी दिसता. म्हणून त्यांनी परस्पर दुसरं धड लावलं. माझी बहीण इचारायली, अगं, हा शालू कवा घेतलास? काय सांगू तिला?" त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. "मला माझ्या धडावर माझं डोकं पायजे. पुढचा फोटो काढायच्या आत. हुतंय का तेवढं?"

इतक्या स्पष्ट शब्दांत आपली गरज सांगणारं कुणी मला तोवर भेटलं नव्हतं, पुण्यातसुद्धा.

"हाडं बसवतीस का?" त्यांनी विचारलं.

"हाडं नाही. मटण साफ करताना तुकड्यावर पातळ पांढरा पडदा असतो ना..."

"झिल्ली म्हण की."

"हां, झिल्ली. आपल्याही अंगात असते, डोक्यापासून तळपायापर्यंत सलग. माणूस वर्षानुवर्षं एकाच तऱ्हेनं उभा राहिला की तीही तशीच आखडून बसते. मी हातानं हळूहळू दाबून ती मोकळी करायला बघते."

"दुखंल?"

"थोडं."

"बाळंतपणापेक्षा?"

"नाही नाही."

"मग कर."

दोन वर्षांच्या शिक्षणात न सापडलेले चार शब्द मला असे मटणात सापडले. पुढे बोर्ड बदलला नाही, पण सांगायची पद्धत बदलली.

टेबलावर घेण्याआधी मी त्यांना भिंतीजवळ उभं केलं आणि बाजूनं एक फोटो काढला. हे मी सगळ्यांचंच करते, कारण आपण कसे उभे राहतो ते आपल्याला कधीच दिसत नाही. छाती आत गेलेली, खांदे पुढे, मान त्याच्याही पुढे. वहिनीसाहेबांनी बराच वेळ पाहिलं.

"ही मी न्हाई," त्या म्हणाल्या. "ही माझी सासू हाय."

पाणी प्यायल्या आणि गुरुवारी येते म्हणून उठल्या.

गुरुवारी अडचण निघाली कपड्यांची. साडीत हे काम होत नाही. दार लावून त्यांनी साडी सोडली, तर आत मुलाची ट्रॅकपँट आणि त्याचाच ढगळ टी-शर्ट. "घरात कुणाला ठावं न्हाई," म्हणाल्या आणि आरशात बघून इतक्या हसल्या, की खालचे दुकानदार काय झालं म्हणून जिन्यापर्यंत आले.

काम मोठं संथ असतं. गळ्याच्या हाडाखाली बोटांची पेरं टेकवायची, थांबायचं, आतला ताण सैल होऊ लागला की त्याच्या मागोमाग थोडं सरकायचं. पाठीवर कोपराजवळचा हात वापरायचा. घाई केली की अंग दार लावून घेतं. वहिनीसाहेबांना ही शांतता मानवत नसे. त्या पडल्या पडल्या फोनवर गड्याला मोसंबीला पाणी सोडायला सांगत, कुणाच्या तरी बदलीचं बघत, मध्येच "आई गं!" म्हणत आणि पलीकडच्याला "तुला न्हाई म्हणले" असं समजावत. दुसऱ्या खेपेला मी फोन काढून खिडकीत ठेवला. त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

मला वाटत होतं, डोक्यावर ओझी वाहिली असतील किंवा कधी पडल्या असतील. विचारलं तर म्हणाल्या, "गडी हायेत की घरात. मी कशाला वाहू?"

एकदा त्या पालथ्या होत्या आणि मी मानेच्या मुळाशी होते. तिथं त्यांची पाठ लाकडासारखी कडक होती.

"तिथं डोईवरचा पदर असतो," त्या अचानक म्हणाल्या.

मी हात तसेच ठेवले.

"शाळेत मी लंगडीत पहिली. गावात माझ्याएवढी उंच पोरगी नव्हती. लग्नात अंतरपाट सरकला, तर हे माझ्यापेक्षा दोन बोटं खाली. समदे बघायलते. माझी थोरली चुलत सासू कानात म्हणली, पोरी, नवऱ्यापेक्षा उंच दिसायलीस, जरा वाकून ऱ्हा. मंग ऱ्हायले." थोड्या वेळानं म्हणाल्या, "ती जाऊन बी लई वर्सं झाली. मला उठ म्हणून कुणी सांगितलंच न्हाई."

मी काम चालू ठेवलं. त्या झोपून गेल्या, घोरायलाही लागल्या.

महिन्या-दीड महिन्यात फरक दिसायला लागला. जादू नव्हती ती. घरी करायला मी सांगितलेलं त्या अर्धंच करत. पण जिना चढताना हात कमरेवर ठेवायचं थांबलं, श्वास खोल जाऊ लागला, आणि एक दिवस ब्लाऊज समोरून घट्ट झाले म्हणून त्यांनी माझ्याकडे तक्रार केली.

त्याच आठवड्यात साहेब आले. एकटेच, चपला जिन्याखाली काढून. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"ताई, काम चांगलं हाय तुमचं. पण आता बास करा."

"का बरं?"

ते इकडेतिकडे बघत राहिले. "जरा जास्तच सरळ झाली. परवा लग्नात शेजारी उभी व्हती, तर पाव्हणे माझ्याकडं वाकून बघायलते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "थोडं खाली घेता येत न्हाई का?"

हसू आवरताना माझे हाल झाले. तोंडातून निघून गेलं, "त्यांना खाली नाही घेता येत, साहेब. तुम्हाला वर घेता येईल."

मी फक्त बायकांचं काम करते. पण दुसऱ्या दिवशी वहिनीसाहेब स्वतः साहेबांना घेऊन आल्या, टेबलाशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मी हाय ना हितं. कर सुरू." साहेबांचीही पाठ जीपमध्ये बसून बसून गोल झालेली होतीच. मी बरगड्यांखाली बोटं टेकवली मात्र, तहसीलला ज्यांचा आवाज पोचतो ते साहेब टेबलावर वळवळायला लागले. त्यांना गुदगुल्या होत होत्या. "आवो ताई! ताई, नको! हे हे हे!" वहिनीसाहेबांनी त्यांचे दोन्ही पाय धरून ठेवले, त्यानं आणखीच झालं. शेवटी ते उठून बसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "हे आपलं काम न्हाई." साहेबांची सुधारणा तेवढ्यावरच राहिली.

फोटोच्या दिवशी वहिनीसाहेबांनी मला स्टुडिओत बोलावून घेतलं. चाचांनी दोघांना शेजारी उभं केलं, कॅमेऱ्यातून पाहिलं आणि डोकं खाजवत म्हणाले, "साहेब, दोन कुर्च्या टाकू का? बसून लई झकास येतो."

"निवडणुकीला उभं ऱ्हायचंय म्हणायचं आन् फोटो बसून?" वहिनीसाहेब म्हणाल्या.

मग चाचांनी आतून एक लाकडी खोकं आणलं आणि साहेबांच्या पायाशी सरकवलं. साहेबांनी एक पाय त्यावर ठेवला. स्टुडिओत कुणीच कुणाकडे बघेना. वहिनीसाहेबांची हनुवटी हळूहळू खाली येऊ लागली आणि खांदे पुढे. इतक्या दिवसांचं काम माझ्या डोळ्यांसमोर मिटत चाललं होतं, आणि तिथं हात लावायचा मला काही अधिकार नव्हता.

साहेबांनी ते पाहिलं. पाय खोक्यावरून काढला आणि पायानंच ते बाजूला सारलं.

"आसू द्या, चाचा. उंच हाय ती. आधीपासनंच हाय. काढा."

वहिनीसाहेबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. चाचांनी सटासट फोटो काढले. स्टुडिओचा जिना उतरताना साहेब फोनवर कुणाला तरी झापत होते, नेहमीसारखे.

निवडणूक लांबली, मग आणखी लांबली. शेवटी आरक्षणाची सोडत निघाली तेव्हा जागा भलत्याच प्रवर्गाला गेली. साहेबांचे चार दिवस वाईट गेले. वहिनीसाहेबांना मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मरू दे, मोसंबीचं बघते." अजून त्या महिन्या दोन महिन्यांनी येतात, कारण अंगाला जुन्या सवयी लवकर आठवतात. येताना कधी जावेला आणतात, कधी बहिणीला. माझी खोली आता बरी चालते.

गेल्या श्रावणात त्यांनी आम्हा बायकांना जीपमध्ये भरून कपिलधारला नेलं. पायऱ्या ओल्या होत्या, शेवाळलेल्या. आम्ही एकमेकींना धरून, बाजूच्या दगडाला धरून जपून उतरत होतो. वहिनीसाहेब निऱ्या खोचून कधीच पुढे गेल्या होत्या, पदर खांद्यावर, हात मोकळे. धबधब्याचे तुषार अंगावर घेत त्या खालून ओरडल्या, "काय बघायलाव तिथनं? या की खाली!"

आम्ही गेलो. सगळ्याजणी चिंब भिजलो, आणि वर येऊन गरम भज्यांच्या दोन-दोन प्लेटी खाल्ल्या.