बाटल्या धुण्याची वर्षं

माझं लग्न ठरलं तेव्हा बैठकीत सांगितलं गेलं, की मुलाकडच्यांचा द्राक्षांचा कारखाना आहे. माझ्या वडिलांना वाटलं, मनुके करत असतील. ते वाइन करतात हे कळेपर्यंत साखरपुडा होऊन गेला होता. आई दोन दिवस धड जेवली नाही. मग वडील एकदा चिखलीला त्यांच्या घरी जाऊन आले. सासऱ्यांनी त्यांना शेड दाखवली, टाक्या दाखवल्या, चहा पाजला. वडील घरी येऊन म्हणाले, "माणूस शास्त्रज्ञासारखा आहे. घरात कुणी थेंब घेत नाही." तेवढ्यावर लग्न झालं. आणीबाणीच्या आदल्या वर्षाची गोष्ट.

मामंजी पिंपरीच्या एका औषध कंपनीत प्रयोगशाळेत होते. आंबवणं हा त्यांचा विषय. निवृत्त झाल्यावर त्यांनी चिखलीला थोडी जमीन घेतली, पत्र्याची शेड टाकली, सिमेंटच्या टाक्या बांधल्या. जुन्नरकडून टेम्पोने द्राक्षं यायची. माझे मिस्टर आणि थोरले दीर तिथेच काम करायचे. एक्साइजचा एक जवान कायम शेडच्या दाराशी असे, कारण दाराला दोन कुलपं, एकाची किल्ली त्याच्याकडे आणि दुसऱ्याची आमच्याकडे. तो जेवायला गेला की आम्हाला आमच्याच शेडमध्ये जाता येत नसे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात बायका दोनच, मी आणि माझी थोरली जाऊ.

बाटल्या आम्हा दोघींकडे होत्या.

नव्या बाटल्या परवडत नसत. पुण्याहून भंगारवाल्याकडून पोत्यांनी जुन्या यायच्या. शेडमागे सिमेंटचा हौद होता, शेजारी भुशाची शेगडी. शेगडीवर पाणी उकळायचं, त्यात धुण्याचा सोडा टाकायचा, बाटल्या भिजत ठेवायच्या, लेबलं खरवडायची, आतून ब्रश फिरवायचा, तीन पाण्यांतून काढायच्या. आणि सगळ्यात आधी प्रत्येक बाटली नाकाला लावायची. लोक रिकाम्या बाटलीत काय काय ठेवतात, ते मी तिथे शिकले. रॉकेल, फिनेल, डोक्याचं तेल. रॉकेलचा वास आला की बाटली बाद. संध्याकाळी भात वाढताना भातालाही रॉकेलचा वास यायचा.

जाऊबाई माझ्या आधी पाच-सहा वर्षांपासून हे करत होत्या. बोलायच्या कमी. पहिल्या आठवड्यात माझ्या बोटांची सालं निघाली, तेव्हा त्यांनी खोबरेल तेलाची वाटी पुढे सरकवली. म्हणाल्या, "रात्री लाव आणि फडकं बांध. चपात्या मी लाटते."

वाइनची बातमी आम्हाला हौदापाशीच कळायची. यंदा लाल चांगली उतरली. पांढरी गढूळ राहिली. पुण्याच्या हॉटेलवाल्याने आणखी मागवली. एका चर्चचे पाद्री स्वतः येऊन दोन पेट्या घेऊन गेले. मिस्टर येऊन सांगायचे, आम्ही "हो का" म्हणायचो. चांगली बातमी म्हणजे आणखी बाटल्या. गावात आमच्या घराला 'दारूवाल्यांचं' म्हणत. संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावलं, तर निम्म्या बायका दारातून वाण घेऊन परत जायच्या. शेजारची म्हातारी मात्र आत येऊन बसायची. ती एकदा म्हणाली, "व्हय गं, द्राक्षं तुमी खाता का न्हाई? का समदी नासवता?"

एका वर्षी द्राक्षं आली आणि वीज गेली. त्या वर्षी वीजकपात फार होती. उन्हाळा लवकर चढला. टाक्या तापू नयेत म्हणून आम्ही चौघं ओली पोती टाकत होतो, विहिरीचं पाणी ओढून ओतत होतो. तरी मोठी टाकी हातची गेली, आंबट झाली. ती ओतून द्यायलासुद्धा परवानगी लागली. एक्साइजचे साहेब आले, त्यांनी पाहिलं, सही केली, आणि सगळं शेतातल्या चरात सोडलं. जाऊबाई काठावर उभ्या होत्या. घरात येताना म्हणाल्या, "त्याच्यासाठीच्या बाटल्या धुवून झाल्यात. सगळ्या."

त्यानंतर महिनाभराने त्या म्हणाल्या, की भोसरीला रेडिओचे भाग बनवणाऱ्या कंपनीत बायका घेतायत. जनरल शिफ्ट. त्यांची मॅट्रिक झालेली होती. जेवताना त्यांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं. दीर म्हणाले, "घरचा कारखाना असताना दुसऱ्याकडे?"

"घरच्या कारखान्यात मी काय आहे?" जाऊबाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता. "मला तिथे खुर्ची मिळेल, असं म्हणतात."

मामंजींनी ताट पुढे सारलं आणि उठले. दुसऱ्या दिवसापासून ते त्यांच्याशी बोलले नाहीत. जाऊबाई जायला लागल्या. सकाळी डबा घेऊन फाट्यापर्यंत चालत जायच्या, तिथून कंपनीची बस.

मी एकटी पडले. मला त्यांचा राग आला नाही, हे खरं सांगते. राग यायलाही थोडी ताकद लागते. माझा धाकटा तेव्हा रांगत होता, त्याला झोळीत टाकून मी हौदावर बसायची. काम निम्मंही होईना. पेट्या अडायला लागल्या.

एक दिवस मी शेगडी पेटवत होते, तर मामंजी आले. धोतर खोचलेलं, हातात पाट. जाऊबाईंच्या जागी पाट टाकून बसले आणि ब्रश उचलला. मी उठून उभी राहिले.

"बस," म्हणाले. "काय करायचं ते सांग."

"मामंजी, तुम्ही नका. मी करते."

"सांग म्हटलं ना."

मी सांगितलं. ते प्रत्येक बाटली उजेडात धरून पाहायचे, आम्ही कधी पाहिली नव्हती इतका वेळ. चार दिवसांत त्यांचा अंगठा फाटला. मी तेलाची वाटी दिली. ते तेल लावत बसले होते, तेव्हा म्हणाले, "ती कितीला उठायची?"

"कोण?"

"थोरली."

"पाचला. पाणी भरून, स्वयंपाक करून मग इथे."

त्यांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "वाइनमधली आम्लता मी रोज मोजतो. शेडमागे इथे कधी आलो नाही." आणि पुन्हा बाटली घेतली. तो पूर्ण हंगाम ते माझ्याबरोबर बसले. मिस्टरांनी आणि दिरांनी लाजून गावातल्या दोन बायका रोजावर लावायची गोष्ट काढली, पण गावातून कुणी दारूच्या बाटल्या धुवायला येईना.

पुढच्या वर्षी मामंजींनी द्राक्षं कमी मागवली. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी.

मग एका संध्याकाळी जाऊबाई घरी आल्या, पिशवी खाली ठेवली आणि चप्पल न काढता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या. "मामंजी बंद करतायत," म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. फाट्यावर येऊन उभे होते. मी बसमधून उतरले तर माझी पिशवी धरायला मागितली."

"आणखी काय म्हणाले?"

"काही नाही. म्हणाले, लायसन यंदा पुढे नेणार नाही, तुला आधी सांगायचं होतं. मग कंपनीत उन्हाळ्यात पंखे असतात का, विचारलं. मी हो म्हटलं." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला रडू आलं नाही. मी तिथेच त्यांच्या शेजारी बसले. आमटी उतू जाऊन शेगडी विझली, तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

उरलेली वाइन हॉटेलवाल्याने नेली. दरवाजाचा जवान एका साखर कारखान्यावर बदलून गेला. जाताना मामंजींच्या पाया पडला. शेड एका लेथ मशीनवाल्याला भाड्याने दिली. दीर तिथेच कामाला लागले, मिस्टरांना चिंचवडला नोकरी मिळाली. मामंजी सकाळी त्या शेडमध्ये जाऊन बसायचे, लोखंडाचा कीस पायांनी बाजूला सारत कामगारांशी गप्पा मारायचे.

वर्षभराने जाऊबाईंनी माझाही अर्ज दिला आणि मला पॅकिंगला घेतलं. खुर्ची नव्हती, उभ्याने काम होतं. पण दुपारी भोंगा वाजला की सगळ्या बायका हातातलं टाकून डबे काढायच्या, आणि पहिल्या दिवशी मला ते कळलंच नाही. मी खोके भरतच राहिले. शेजारचीने माझा हात धरला, म्हणाली, "अगं, थांब."

भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असे; पहिल्या गुरुवारी मी जेवले आणि आडवी झाले. उठले तेव्हा उन्हं उतरली होती, मुलांना जाऊबाईंनी खायला घातलं होतं, आणि मामंजी ओसरीवर धाकट्याला हळू बोल म्हणून दटावत होते.